बँड दाराशी थांबतो

तुमच्या लग्नात क्लॅरिनेट कोणी वाजवली, त्या माणसाचं नाव तुम्हाला सांगता येईल का?

फोटो काढणाऱ्याचं सांगता येईल. जेवणाचं कंत्राट कुणाकडे होतं तेही आठवेल, कारण जिलबी मऊ पडली होती आणि त्यावरून तुमचे मामा अजून बोलतात. पण ज्याच्या फुंकेवर तुमचे सगळे काका, आत्या आणि ऑफिसातले मित्र घाम फुटेपर्यंत नाचले, त्याचं नाव? मलाही सांगता आलं नसतं. माझ्या आईवडिलांचं लग्न नोंदणी कचेरीत झालं. बँड नव्हता. पेढे वाटले आणि एक पत्रक वाटलं. पत्रकाचा विषय होता, लग्नावर खर्च का करू नये.

अशा घरात मी वाढले. आमच्याकडे वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं यायची, किंवा खरं सांगायचं तर निघायची. बाबांचं छोटं छापखान्याचं मशीन पुढच्या खोलीत होतं आणि आई मजकूर लिहायची. गिरणी कामगार, धरणग्रस्त, अंगणवाडी सेविका, सगळ्यांची पत्रकं. मी अक्षरओळख त्यांच्यावरच केली. त्यामुळे जगात दोनच बाजू असतात आणि त्यातली एक आपली असते, हे मला फार लवकर पाठ झालं. या लेखात मी जे सांगणार आहे त्यात किती बाजू आहेत हे मला अजून मोजता आलेलं नाही. संपादकांनी 'कामाचे अनुभव लिही' म्हटलं तेव्हा म्हणूनच मी हा अनुभव निवडला. लिहिता लिहिता उलगडेल असं वाटलं होतं.

आधी कामाबद्दल. मी आयर्लंडला, डब्लिनमध्ये ध्वनितंत्राचं शिकायला आले आणि इथेच कामाला लागले. गाणारा गातो आणि ऐकणारे ऐकतात, त्यांच्या मधे जे काही असतं ते माझं काम. माइक, केबली, स्पीकर आणि खोलीच्या मागच्या टोकाला एक मिक्सर, ज्याच्यामागे मी उभी असते. काम चांगलं झालं तर मी तिथे आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. स्पीकरची शिट्टी वाजली की मात्र सगळे माना वळवून माझ्याकडे बघतात. जगात इतका एकतर्फी धंदा दुसरा नसेल.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. पश्चिमेकडच्या एका गावात एक म्हातारे फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, वाजवायचे. मी त्यांच्यासमोर माइक लावला, तर त्यांनी तो अलगद उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवला, जणू एखादं मूल मधे मधे करतंय. म्हणाले, "ज्याला ऐकायचंय त्याला जवळ यायला सांग." दुसरं टोक म्हणजे आपली मराठी मंडळी. पृथ्वीच्या पाठीवर कुठेही जा, कार्यक्रमाचा संयोजक माझ्याजवळ येतो आणि कानाशी म्हणतो, "जरा इको वाढवा ना." कशासाठी, ते त्यालाही माहीत नसतं. इको वाढवला की त्याला आपल्या गावच्या मैदानात असल्यासारखं वाटतं, एवढंच. मी पूर्वी वाद घालायची. आता मिक्सरचं एक बटण, ज्याला काहीच जोडलेलं नाही, ते त्याच्यासमोर फिरवते. तो समाधानाने जाऊन बसतो.

अवी मला भेटला तो अशाच एका मराठी कार्यक्रमात, डब्लिनच्या क्लोनडॉकिन भागातल्या शाळेच्या हॉलमध्ये. अविनाश. पश्चिमेकडच्या गॉलवेला शिकला, तिथेच वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत नोकरीला लागला आणि शनिवार-रविवारी पबमध्ये गातो. काय गातो, तर सदर्न रॉक. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतलं हे संगीत. जाड, धुळीने माखलेला आवाज, लांबलचक गाणी, आणि त्याची खूण म्हणजे दोन गिटार एकच चाल वाजवतात, एक खालून आणि एक वरून, खांद्याला खांदा लावून. त्या बँडांत बरेचदा भाऊ, चुलतभाऊ असतात, कुठे बाप-लेकही. अवीला हे सांगलीच्या हॉस्टेलवर कुणाच्या तरी फोनवर पहिल्यांदा ऐकू आलं. तो म्हणतो, "ऐकताक्षणी मला वाटलं, हे तर मी लहानपणापासून ऐकतोय."

हे तो मला म्हणाला, एवढंच. पुढचं त्या हॉलमध्ये दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. अवीचं गाणं संपलं आणि सांगलीकडचे एक गृहस्थ हात पसरून पुढे आले. "अरे, तू तासगावच्या बाळू मास्टरांचा ना? किरणोदय ब्रास बँड! माझ्या लग्नात तुझ्या वडिलांनी काय वाजवलंय म्हणून सांगू!" त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. मग त्यांनी अवीच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्याने विचारलं, "मग यंदा गणपतीच्या मिरवणुकीला वाजवणार ना आमच्यासाठी?" आजूबाजूचे हसले. वाईट हेतूने हसले नाहीत. अवीपण हसला. मग त्याने गिटार पेटीत घातली आणि चकल्यांच्या टेबलाकडे न जाता बाहेर गेला.

आपल्याकडे बँड कोणत्या वस्तीतली माणसं वाजवतात हे मी इथे समजावून सांगत बसत नाही. तुम्हाला माहीत आहे. गवयाच्या पोटी गवई झाला तर आपण त्याला घराणं म्हणतो, बँडवाल्याच्या पोटी बँडवाला झाला तर धंदा. हे वाक्य मी तेव्हाच अवीला गाडीपाशी गाठून ऐकवलं. मला ते फार आवडलं होतं.

"छान आहे," तो म्हणाला. "पत्रकावर घाल."

"तू स्वतःच का सांगत नाहीस? स्टेजवर उभा राहून सांग, मी बाळू मास्टरांचा मुलगा. मग कोण हसेल?"

"तुला घोषणा पाहिजे गं. मला गाणं म्हणायचंय."

तिथून आमची मैत्री झाली. भांडणातून झालेली मैत्री टिकते, असा माझा अनुभव आहे. मी त्याच्या बँडचा आवाज बघायला लागले. दुसरी गिटार ओर्ला वाजवायची, गॉलवेचीच, दिवसा दातांच्या दवाखान्यात काम करणारी. अवीने स्वतः लिहिलेली काही गाणी होती. त्यांतलं सगळ्यात चांगलं एका लाल कोटाबद्दल होतं. सोनेरी झालरीचा कोट, दुसऱ्याच्या मापाने शिवलेला, भर उन्हात घालायचा आणि संध्याकाळी झटकून खुंटीला लावायचा. ऐकणाऱ्या सगळ्यांना वाटायचं हे सैनिकाचं गाणं आहे. एकदा एका आजोबांनी, सैन्यात होते ते, अवीचा हात हातात घेऊन आभार मानले. अवीने त्यांना दुरुस्त केलं नाही. मी मिक्सरमागे उभी राहून चडफडत होते. बापाला त्याने गाण्यात आणलं होतं, फक्त माणसांत आणत नव्हता.

मग मॉरीनची बातमी आली. मॉरीन म्हणजे परदेशी बँडांचे आयर्लंडमधले दौरे जमवणारी बाई. अमेरिकेतला एक मोठा सदर्न रॉक बँड पुढच्या वसंतात येणार होता, गॉलवे, वॉटरफोर्ड आणि डब्लिन. त्यांच्या आधी अर्धा तास वाजवायला तिला इथलं कुणीतरी हवं होतं. पबमध्ये गाणाऱ्यासाठी ही उडी केवढी आहे हे सांगायचं तर असं, की एरवी लोक बिअर घेता घेता तुम्हाला ऐकतात, इथे ते तिकीट काढून आलेले असतात. अवी ही वाट किती दिवस बघत होता ते मला माहीत होतं. मॉरीन म्हणाली, येत्या महिन्यात एका रविवारी दुपारी पबमध्ये येते आणि ऐकते. बरं वाटलं तर तुम्ही, नाही तर दुसरे आहेत.

आणि नेमके त्याच महिन्यात अवीचे वडील आले. लग्नांचा हंगाम संपला होता, बँड चातुर्मासात बसलेला, म्हणून लेकाकडे महिनाभर. मी त्यांना अवीच्या घरी पहिल्यांदा भेटले. उंच, वाळलेले, पांढरा शर्ट, आणि गाल असे की जणू अजून फुंक धरून ठेवलीय. अवी त्यांना आबा म्हणतो, मीही म्हणायला लागले. क्लॅरिनेट सोबत आणली होती. का आणली विचारलं तर म्हणाले, "घरी ठिवली तर पोरं फुंकत्यात."

ओर्लाने ती स्वयंपाकघरात ऐकली. तिथेच गिटार काढून ती आबांच्या समोर बसली. एकमेकांची भाषा येत नव्हती. आबा वाजवायचे, ती खालून धरायची, मग ती पुढे जायची, ते वरून यायचे. दोन गिटारांची खांद्याला खांदा लावलेली ती चाल मला त्या दिवशी उमगली. तासगावच्या वरातीत आबा आणि त्यांचा धाकटा भाऊ दोन क्लॅरिनेटी वाजवायचे, तेव्हा लहानगा अवी त्यांच्या पुढे चालत असायचा. अमेरिकेकडून त्याने काही उचललं नव्हतं. ओळखलं होतं.

ओर्लाच म्हणाली, यांना रविवारी घेऊ या. शेवटच्या गाण्याला. मी लगेच बाजू घेतली, आणि माझ्या बाजू घेण्यात किती आवाज असतो ते घरच्यांना विचारा. अवी आमच्याकडे पाठ करून ओट्यावरचे कप धुवायला लागला. आबांना त्यातलं निम्मं कळतही नव्हतं. शेवटी अवी म्हणाला, "एक गाणं. शेवटचं. आणि त्यांची ओळख मी करून देणार नाही, तूपण नाही."

तो रविवार कोरडा आणि उजळ होता. गॉलवेतल्या नेहमीच्या पबच्या मागची खोली, तिला रस्त्यावर उघडणारं रुंद दार, आणि उन्हामुळे ते सताड उघडं ठेवलेलं. मी दुपारी माइक लावत होते तेव्हा बघते तर आबा त्या दारात उभे. आत येईनात. मालकाने ओरडून सांगितलं, आत या नाहीतर बाहेर जा. आबांनी हसून मान हलवली आणि तिथेच राहिले.

"या ना आबा," मी म्हटलं.

"आत यायाचं?"

"मग वाजवणार कुठून?"

ते आले, पण चपला दाराशी काढून. त्या परत घालायला लावेपर्यंत माझी पाच मिनिटं गेली. मग मी त्यांना मॉनिटर दाखवला. मॉनिटर म्हणजे गाणाऱ्याच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, म्हणजे त्याचं त्याला ऐकू यावं. आबांना ही कल्पना अजिबात पटली नाही. "माझं मला कशाला ऐकाय पायजे? पोरांचं आलं ऐकाय, म्हंजे झालं." मग खोलीकडे नजर टाकून त्यांनी विचारलं, "कुणासाठी वाजवायचं हाय? नवरदेव कंचा?"

मी मॉरीन कोण ते सांगितलं. तिसऱ्या टेबलाशी बसणार आहे, तिला आवडलं पाहिजे, अवीचं पुढचं सगळं त्यावर आहे. आबांनी ते नीट ऐकून घेतलं. मग वरातीत मास्टरचं काम काय असतं ते मला सांगितलं. मी ते त्यांनी सांगितलं तसंच इथे देते, कारण पुढे काय झालं ते त्याशिवाय कळणार नाही.

वरात नाचणाऱ्यांच्या हातात दिली तर एका चौकातच सूर्य मावळतो. ते हलत नाहीत. त्यांना पुढे न्यायचं मास्टरने. पण ढकलायचं नसतं, ओढायचं असतं. मास्टर बघतो पायांकडे, तोंडाकडे नाही. पाय तापले, आता ही माणसं सूर सोडणार नाहीत अशी खात्री झाली, की मास्टर चाल सुरू ठेवून स्वतः चालायला लागतो. माणसं त्या क्लॅरिनेटच्या मागे आपोआप येतात. असं करत करत मांडवाच्या दारापर्यंत. नवरदेव दारात पोचला की मास्टर हात वर करतो, चाल बंद. नवरदेव आत जातो. बँड दाराशी थांबतो.

"आणि तुम्ही आत कधी जाता?"

"जेवणं आटपली की. मागल्या दारानं."

मला संताप आला. तो मी केबलींवर काढला.

मॉरीन वेळेवर आली. चहाचा मग घेऊन बसली, पिशवी मांडीवर. सुरुवातीची गाणी ठीक झाली. खरं तर ठीकपेक्षा बरी, पण अवीचा आवाज जरा आखडलेला होता आणि मॉरीनचा चेहरा मला वाचता येईना. आयरिश माणूस 'ग्रँड' म्हणतो तेव्हा त्याला आवडलंय की तो नुसता सभ्य आहे, हे मला इतक्या वर्षांतही कळत नाही. ती प्रत्येक गाण्यानंतर शेजाऱ्याला 'ग्रँड' म्हणत होती.

मग शेवटचं गाणं. लाल कोट. आबा बाजूने येऊन ओर्लाच्या शेजारी उभे राहिले. कुणी ओळख करून दिली नाही. अवीने दोन कडवी म्हटली, आणि गिटारच्या जागी ओर्लाच्या वरून क्लॅरिनेट आली.

खोलीतले लोक एकदम वळले. माइकवरचा आवाज मी जवळजवळ पूर्ण खाली केला होता, तरी तो सूर त्या भिंतींत मावत नव्हता. उघड्यावर, ट्रकच्या हॉर्नांमधून पलीकडच्या गल्लीत पोचायला शिकलेला सूर तो. अवीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि त्याचा आवाज सुटला. तसा तो मी आधी कधी ऐकला नव्हता. दोघांचा श्वास घ्यायची जागा एकच होती. पुढच्या टेबलाजवळची दोन माणसं उठली. मग त्यांच्या बायका. मग सगळी खोली. खुर्च्या सरकल्या, लोक नाचायला लागले, आणि मी मनात म्हटलं, झालं, मिळालं.

तेव्हा माझं लक्ष आबांच्या नजरेकडे गेलं. ते पायांकडे बघत होते.

ते स्टेजवरून उतरले. थांबवायला कुणी काही करायच्या आत ते टेबलांमधून चालायला लागले, न घाई करता, कोपर जरा वर. माणसं बाजूला झाली आणि मागे लागली. दारातून ते बाहेर पडले, उन्हात, रस्त्यावर, आणि त्यांच्यामागे ग्लास हातात धरलेला सगळा पब. मालकसुद्धा. मिनिटभरात खोली रिकामी. स्टेजवर अवी, ओर्ला आणि ड्रमवाला. तिसऱ्या टेबलाशी मॉरीन, पिशवी मांडीवर.

अवीचं गाणं चालूच होतं. त्याने एकदा मॉरीनकडे बघितलं आणि एकदा दाराकडे. तेव्हा त्याच्या मनात काय होतं हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. नंतर विचारलं तर तो म्हणाला, त्यालाही सांगता येत नाही. त्याने माइक स्टँडवरून काढला आणि गात गात दाराकडे निघाला. केबल त्याच्यामागे टेबलांखालून सरपटत गेली आणि बरोबर उंबऱ्यावर ताणली. तो तिथे थांबला. एक पाय आत, एक बाहेर.

आमच्या धंद्यात एक नियम आहे, काही झालं तरी मिक्सर सोडायचा नाही. मी सोडला. पळत जाऊन स्टेजवरचा मॉनिटर उचलला आणि दाराकडे तोंड करून ठेवला, म्हणजे त्याचा आवाज बाहेर तरी जावा. बाहेर एक गाडी थांबली होती, ड्रायव्हर खिडकीतून हात काढून ताल धरत होता. आबांनी वळून बघितलं. दारात अवी उभा होता. त्यांनी हात वर केला.

चाल बंद झाली. अवीपण तिथेच थांबला, शेवटचा शब्द न म्हणता. रस्ताभर टाळ्या आणि शिट्ट्या. आबा क्लॅरिनेटचं तोंड पुसत भिंतीला टेकले. मी धावत त्यांच्याजवळ गेले, हे काय केलंत म्हणून. त्यांना माझा चेहराच कळेना.

"पोचला की नवरदेव दारात," ते म्हणाले.

मॉरीन बाहेर आली ती हसत. अवीला म्हणाली, आवाज ग्रँड आहे, आणि या वेळी मला वाटतं ते खरं होतं. "तिन्ही कार्यक्रम तुझे. पण युअर मॅन तिथे पाहिजे, तो क्लॅरिनेटवाला. लोक त्याच्यासाठी येतील. तो कोण आहे?"

'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत नुसतं 'तो बुवा'. मी तोंड उघडलं आणि, मला स्वतःचं आश्चर्य वाटतं, मिटलं.

"माझे वडील," अवी म्हणाला.

"आणखी चांगलं. पोस्टरवर घालू."

आबा विचारत होते, बाई काय म्हणत्यात. मी मराठीत सांगितलं. वसंतात, तीन गावं, तुम्ही आणि अवी. त्यांनी लगेच नकारार्थी मान हलवली. "मार्च-एप्रिल? लग्नाच्या सुपाऱ्या घेतल्यात. माणसांनी तारखा ठरिवल्यात माझ्या भरवशावर." सुपारी म्हणजे बँडचं ठरवणं. ती एकदा घेतली की मास्टर मेला तरच मोडते. एवढं बोलून ते पबच्या दारात गेले आणि आत डोकावून मालकाला हातानेच पाणी मागितलं.

मी ते मॉरीनला सांगितलं, तर ती म्हणाली, मग विचार करावा लागेल. अवी म्हणाला, कर. मी एकटा येईन, नाहीतर येणार नाही.

परतीच्या वाटेवर, गाडी चालवता चालवता, मी त्याच्याशी जे भांडले ते माझ्या सगळ्या भांडणांत मोठं. उन्हाळ्यात इथे संध्याकाळ संपता संपत नाही, त्यामुळे भांडायला उजेडही भरपूर. मी म्हटलं, आबांना तीन तारखा सोडायला लावता आल्या असत्या. मागितल्या असत्यास तर दिल्या असत्या. तू विचारलंसुद्धा नाहीस. तुला ते शेजारी नकोच होते. पहिल्यांदा कुणीतरी तुझ्या बापाचं नाव पोस्टरवर घालायला निघालं आणि तू त्याला नाकारलंस. सगळी खोली त्यांच्यामागे रस्त्यावर आली, तू बघितलंस ना, सगळी खोली. एका बँडवाल्याने एका दुपारी ते केलं जे आमची पत्रकं वर्षानुवर्षं करू शकली नाहीत.

अवी गाडीच्या काचेतून बाहेर बघत होता. आबा मागच्या सीटवर झोपले होते, पेटी मांडीवर.

"तू त्यांना आज बाहेर बघितलंस आणि खूश झालीस," तो म्हणाला. "मी त्यांना जन्मभर बाहेरच बघितलंय."

 मी वादात हार मानणाऱ्या घरातली नाही, पण हा वाद मी अजून मिटवू शकलेले नाही.  कारण त्याचं म्हणणं खरं आहे, आणि आबांमागे सगळे रस्त्यावर आले तेव्हा मला जे वाटलं तेही खरं आहे. आणि आबांच्या दृष्टीने तर यातलं काहीच झालं नव्हतं. त्यांनी एक वरात नीट पोचवली होती.

शेवटी मॉरीनने एकच कार्यक्रम दिला, वॉटरफोर्डचा. उरलेले दोन दुसऱ्या कुणाला. मला अजून वाटतं अवीने ते दोन हातचे घालवले. अवीला तसं वाटत नाही.

वॉटरफोर्डला आवाजाची व्यवस्था त्या मोठ्या बँडची होती, पण अवीचा माइक लावायची परवानगी मी मागून घेतली. मी त्याला लांब केबल लावली. हॉलच्या दारापर्यंत सहज पोचेल एवढी. त्याला सांगितलं नाही, पण त्याने ती गुंडाळी पायाशी पडलेली बघितली असणारच. गाणी छान झाली. शेवटी लाल कोट. गर्दीत गॉलवेची काही माणसं होती, त्यांतून एक बाई ओरडली, "युअर मॅन कुठे आहे?"

हॉल हसला. अवीने माइकजवळ तोंड नेलं.

"कामावर आहेत," तो म्हणाला.

तासगावात त्या दिवशी लग्न होतं. मला हवी होती ती घोषणा ही नव्हती. ना नाव, ना गाव, ना घराण्याबद्दल एक शब्द. पण त्याने ते ज्या आवाजात म्हटलं, तसं मी कुणालाही आपल्या बापाबद्दल बोलताना ऐकलेलं नाही. मग तो गायला. क्लॅरिनेटच्या जागी ओर्ला एकटी वाजवत होती, आणि वरच्या चालीची जागा त्या दोघांनी तशीच मोकळी सोडली होती. अवी पहिल्या ओळीपासून शेवटच्या शब्दापर्यंत स्टेजच्या मधोमध उभा राहिला. हललाच नाही. केबलची गुंडाळी जशीच्या तशी.

नंतर मी ती गोळा करत असताना तो जवळ आला. "लांब लावली होतीस," म्हणाला.

"का नाही वापरलीस?"

"मला आत उभं राहायचं होतं गं. आमच्यातलं कुणीतरी."

मी केबल गुंडाळली. तिची घडी मोडू नये म्हणून एक वेढा सुलटा आणि एक उलटा घालावा लागतो, तसं करत राहिले.

हे असं आहे. बाहेर चालत जाणं मोठं की आत उभं राहणं, यावर मी एक पत्रक लिहायला घेतलं होतं. पहिल्या ओळीच्या पुढे जाईना. म्हणून पत्रकाऐवजी तुमच्याकडे एक मागणं मागते, आणि ते लग्नसराईच्या तोंडावर मुद्दाम मागते.

तुमच्या घरच्या पुढच्या लग्नात वरात मांडवाशी पोचेल. मास्टर हात वर करतील, चाल थांबेल, आणि माणसं आत वळतील. तेव्हा तुम्ही वळू नका. त्यांच्याकडे जा, नाव विचारा आणि ते लग्नपत्रिकेवरच लिहून ठेवा. मग सगळ्या बँडला पुढच्या दाराने आत आणा, पहिल्या पंगतीला बसवा, आणि जेवण झाल्यावर मास्टरांना त्यांच्या आवडीचं एक काहीतरी वाजवायला सांगा, फर्माईश न करता. सगळ्यांनी खुर्च्यांवर बसून ऐका.

आणि ते वाजवता वाजवता चालायला लागले, तर अडवू नका. उठा आणि मागे जा.